शिकायचं कुठं? दवाखान्यात की कॉलेजात?

ऑक्टोबर २००६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत झालेला एक अभ्यास छापून आला. बाळंतपणानंतर होणारा अतिरक्तस्राव हे मातामृत्यूचं फार मोठं कारण आहे. तो टाळायला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात. पण हे औषध थंड जागी ठेवावं लागतं आणि टोचणारी प्रशिक्षित व्यक्ती जवळ असावी लागते. घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणांत त्या काळी या दोन्हींची वानवा होती. मिसोप्रोस्टॉलची गोळी मात्र तोंडावाटे देता येते आणि फ्रिजशिवाय टिकते. तिनं रक्तस्राव आटोक्यात राहील का, हे बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजातल्या डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांना तपासायचं होतं. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात १,६२० बाळंतिणींवर चाचणी झाली. सुमारे निम्म्या जणींना ही गोळी दिली, बाकीच्या जणींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. अतिरक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, आणि अतितीव्र रक्तस्रावाचं १.२ टक्क्यांवरून ०.२ टक्क्यांवर. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या वापरासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

या चाचणीतली बाळंतपणं केली कुणी? २५ एएनएम, म्हणजे गावात ज्यांना नर्सबाई म्हणतात त्या सहायक परिचारिकांनी. गोळी त्यांनीच दिली, आणि मापं आखलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत साठलेलं रक्त मोजून त्याची नोंदही त्यांनीच ठेवली. प्रश्न कसा विचारायचा, किती जणींवर तपासायचा, आकड्यांचा अर्थ कसा लावायचा, हे मेडिकल कॉलेजातल्या लोकांना ठाऊक होतं. अंधाऱ्या खोलीत बाळंतिणीच्या उशाशी बसून काय करायचं, हे नर्सबाईंना ठाऊक होतं. यातलं एक जरी वजा केलं तरी तो अभ्यास उरत नाही.

हे आवर्जून सांगायचं कारण असं, की त्याच जिल्ह्यात दरवर्षी एसएसएलसी, म्हणजे दहावी, आणि पीयूसी, म्हणजे बारावी, यांचे निकाल लागले की घरोघरी हीच दोन माणसं, कामातून शिकलेलं आणि कॉलेजात शिकलेलं, एकमेकांसमोर उभी केली जातात. जिल्ह्यातल्या निपाणीत एखाद्या घरी आई विड्या वळते किंवा तंबाखूच्या वखारीत जाते, वडील रिक्षा चालवतात, आणि मुलीला दवाखान्यात काम करायचं आहे. एक नातेवाईक सांगतो, ‘ओळखीच्या डॉक्टरकडं लावून द्या, दोन वर्षांत सगळं शिकेल, पगारही सुरू होईल.’ दुसरा सांगतो, ‘कर्ज काढा, पण डिग्रीलाच घाला. नुसत्या कामाला काही किंमत नाही.’ दोन्ही सल्ले आपुलकीचे आहेत आणि दोन्ही अपुरे आहेत. आरोग्यसेवेत काम करत शिकणं आणि कॉलेजात शिकणं या दोन वाटा आज पूर्वीसारख्या वेगळ्या राहिलेल्या नाहीत. खरा फरक पाडणारी गोष्ट तिसरीच आहे: शिक्षण संपल्यावर मुलीचं नाव कोणत्या परिषदेच्या नोंदवहीत लागणार.

हाताखाली शिकण्याचा जुना मार्ग

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या आपल्या भागात आधुनिक वैद्यकाचं शिक्षण सुरू झालं ते रुग्णालयात, हाताखाली काम करत. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडलं. १८९७ मध्ये त्याच आवारात तरुणांना वैद्यकी शिकवणारी शाळा काढली. नर्सांनाही तिथंच घडवलं. बेळगाव, चिक्कोडी, निपाणीकडचे रोगी रेल्वेनं आणि बैलगाडीनं मिरजेला जात. विद्यार्थी सकाळी वॉर्डात राबत आणि तिथंच शिकत. जगभर तेव्हा हीच रीत होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० साली नर्सिंगची शाळा काढली, तिथल्या मुलीही वॉर्डात काम करूनच शिकत.

डॉक्टरांमध्येही तेव्हा दोन थर होते. एक विद्यापीठाची पदवी घेतलेल्यांचा, दुसरा कमी मुदतीच्या मेडिकल स्कूलमधून परवाना घेतलेल्या लायसेन्शिएट डॉक्टरांचा. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची, म्हणजे १९१२ साली स्थापन झालेल्या संस्थेची, ‘एल.सी.पी.एस.’ ही अक्षरं जुन्या डॉक्टरांच्या पाटीवर असत. आपल्या अनेक गावांनी पहिला डॉक्टर पाहिला तो याच थरातला. सर जोसेफ भोर यांच्या समितीनं १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते, आणि त्यांपैकी ३० हजारांच्या आसपास लायसेन्शिएट होते. नर्सा अवघ्या ७,००० च्या घरात होत्या.

भोर समितीनं ठरवलं की यापुढं डॉक्टर एकाच प्रकारचा, विद्यापीठातून शिकून आलेला असावा. काही सदस्यांनी असहमती नोंदवली: देशात डॉक्टरांचा इतका तुटवडा असताना कमी मुदतीचा अभ्यासक्रम बंद करणं परवडणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तरीही बहुमताचा निर्णय टिकला. मेडिकल स्कूलं बंद पडली किंवा त्यांची महाविद्यालयं झाली; पुण्याचं बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ साली कॉलेज झालं. आपल्या भागात १९६२ मध्ये मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९६३ मध्ये बेळगावला केएलई संस्थेचं जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेज उभं राहिलं. मिरजेच्या कॉलेजातले विद्यार्थी सुरुवातीला वॉनलेस रुग्णालयातच रोगी पाहायला शिकले. रुग्णालय तेच राहिलं, शिक्षणावर देखरेख ठेवणारी व्यवस्था बदलली.

कंपाउंडरला मिळालेलं दार

या बदलाचं सगळ्यांत बोलकं उदाहरण म्हणजे कंपाउंडर. डॉक्टरांच्या खोलीशेजारच्या खिडकीत बसून लाल औषधाच्या बाटलीवर कागदी पट्टीच्या खुणा चिकटवणारा, पुड्या बांधणारा हा माणूस बहुतेक वेळा कुठल्याच शाळेत औषधं शिकलेला नसे. तो डॉक्टरांकडं पाहून शिके. १९४८ साली फार्मसी कायदा आला, तेव्हा या हजारो लोकांचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला. कायद्यानं समजूतदारपणा दाखवला. फार्मासिस्टांची पहिली नोंदवही तयार होत असताना, रुग्णालयात किंवा दवाखान्यात किमान ५ वर्षं औषधं बनवून देण्याचा अनुभव असलेल्यांना तिच्यात नाव लावण्याची मुभा दिली. पहिली नोंदवही पूर्ण झाली आणि हे दार मिटलं. त्यानंतर औषधाच्या काउंटरमागं अधिकारानं उभं राहायला शिक्षणाची अट आली.

पुढं इतर क्षेत्रांतही हेच होत गेलं. आधी काम करणाऱ्यांचा अनुभव मानला जातो, मग अभ्यासक्रम ठरतो, मग परिषद येते, आणि नंतर केवळ अनुभवावर आत येता येत नाही. ज्या नातेवाइकाच्या आठवणीत ‘डॉक्टरांकडं राहून शिकलेला’ यशस्वी माणूस आहे, त्याची आठवण खरी आहे. पण ज्या दारानं तो माणूस आत गेला ते दार आता उघडं नाही.

आज कायदा काय म्हणतो

नर्सिंगवर १९४७ च्या कायद्यानं स्थापन झालेली भारतीय परिचर्या परिषद आणि राज्यांच्या परिषदा देखरेख ठेवतात. फार्मासिस्टांवर फार्मसी कौन्सिल. डॉक्टरांवर २०१९ च्या कायद्यानं आलेला राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणं नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. एक्स-रे काढणाऱ्या तंत्रज्ञाची पात्रता अणुऊर्जा नियामक मंडळ ठरवतं, आणि त्यानं छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा टीएलडी बॅज लावायचा असतो. बॅज न देता एखाद्या पोराला एक्स-रेच्या खोलीत उभं केलं जात असेल, तर ते शिक्षण नाही. ते त्याच्या शरीराचं नुकसान आहे.

लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, फिजिओथेरपी, ऑप्टोमेट्री यांसारख्या व्यवसायांना अनेक वर्षं एकसारखी राष्ट्रीय चौकट नव्हती. २०२१ मध्ये संसदेनं संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा केला. त्यात तासांचा हिशेब आहे. संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी २ ते ४ वर्षांत किमान २,००० तासांचं शिक्षण हवं. स्वतंत्र जबाबदारी पेलणाऱ्या आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी ३ ते ६ वर्षांत किमान ३,६०० तासांचं. हे आकडे पाठच करून ठेवावेत असे आहेत. ‘सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन’ अशी जाहिरात दिसली तर साधा हिशेब करावा. रोज ६ तासांप्रमाणं आठवड्याचे ६ दिवस शिकवलं, तरी सहा महिन्यांत ९५० तासांच्या आत-बाहेर शिक्षण होतं. २,००० च्या निम्म्यालाही ते पोचत नाही.

घरबसल्या पदवीचाही मार्ग बंद झाला आहे. या कायद्याच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं देऊ नयेत, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ मध्ये स्पष्ट केलं. मानसशास्त्र आणि पोषणशास्त्रसुद्धा त्यात आले. रोग्याला हात न लावता रोग्याची सेवा शिकता येत नाही, हे तत्त्व त्यामागं आहे, आणि ते योग्य आहे.

अप्रेंटिसशिप म्हणजे नेमकं काय

‘दवाखान्यात लावून देणं’ आणि अप्रेंटिसशिप या दोन गोष्टी आपल्याकडं एकच समजल्या जातात. तसं नाही. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणं अप्रेंटिसशी लेखी करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो, काय शिकवायचं ते आधी ठरलेलं असतं, विद्यावेतन मिळतं आणि शेवटी मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळतं. ३० किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेनं मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणानुसार महिना ५,००० ते ९,००० रुपये ठरवली. ती वाढवण्याची शिफारसही पुढं झाली. राष्ट्रीय योजनेत यातला २५ टक्के वाटा, १,५०० रुपयांच्या मर्यादेत, केंद्र सरकार उचलतं.

आयटीआयमध्ये आरोग्याशी जोडलेले काही ट्रेड आहेत: हेल्थ सॅनिटरी इन्स्पेक्टर, रेडिओलॉजी टेक्निशियन, वैद्यकीय इलेक्ट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ, दातांच्या प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ. कौशल्य योजनांतून रुग्णसाहाय्यक, म्हणजे जनरल ड्यूटी असिस्टंट, घरी जाऊन वृद्धांची काळजी घेणारे मदतनीस आणि ॲम्ब्युलन्सवरचे तंत्रज्ञ तयार होतात. कर्नाटकात २००८ पासून आणि महाराष्ट्रात २०१४ पासून धावणाऱ्या १०८ गाड्यांमुळं त्या शेवटच्या कामाची ओळख खेड्यापर्यंत पोचली.

ही कामं खरी आहेत, गरजेची आहेत, आणि लवकर कमावणं ज्या घराला भागच आहे त्या घरासाठी मोलाची आहेत. पण त्यांची हद्द स्पष्ट माहीत असावी. रुग्णसाहाय्यकाचं प्रमाणपत्र कितीही चांगलं असलं तरी ते नर्सच्या नोंदवहीत नाव लावत नाही. दहा वर्षं सलाईन लावणाऱ्या मुलीला ‘सिस्टर’ म्हणून सगळा वॉर्ड हाक मारत असेल, पण सरकारी भरतीचा अर्ज भरताना तिच्याकडं नोंदणी क्रमांक नसतो. काही चूक घडली तर कायद्यापुढं तिच्या बाजूनं उभं राहायला कागदही नसतो. अशा मुली सीमाभागातल्या छोट्या दवाखान्यांत पुष्कळ आहेत. त्यांचं कौशल्य खरं असतं. अन्याय होतो तो नोंदणी नसल्यामुळं.

कॉलेजातली अप्रेंटिसशिप

दुसऱ्या बाजूला, विद्यापीठाचं शिक्षण म्हणजे नुसती पुस्तकं, हा समज तितकाच चुकीचा आहे. एमबीबीएसला साडेचार वर्षांनंतर १ वर्ष रुग्णालयात काम करावंच लागतं. एएनएमच्या २ वर्षांतले शेवटचे ६ महिने इंटर्नशिपचे असतात. डी.फार्म.च्या विद्यार्थ्याला वर्ग संपल्यावर औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात किमान ३ महिन्यांत ५०० तास काम करावं लागतं, आणि २०२२ च्या नियमानं त्यानंतर एक्झिट परीक्षाही आली. जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, या डिप्लोमाच्या ३ आणि बीएस्सी नर्सिंगच्या ४ वर्षांतला फार मोठा भाग वॉर्डातच जातो. जुनी उमेदवारी कुठं गेली नाही. ती अभ्यासक्रमात आली, आणि तिला तास, निरीक्षक आणि परीक्षा मिळाल्या.

म्हणून कॉलेज निवडताना इमारतीपेक्षा रुग्णालय पाहावं. बेळगावात शिकायला एवढे विद्यार्थी येतात ते याच कारणानं. नेहरूनगरातलं केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय, बेळगाव इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसशी जोडलेलं सरकारी सिव्हिल हॉस्पिटल, शहापुरातलं आयुर्वेद महाविद्यालय, सगळं एकाच शहरात आहे. ज्या नर्सिंग कॉलेजला स्वतःचं रुग्णालय नाही आणि जे विद्यार्थ्यांना कधीतरी दुसरीकडं ‘पोस्टिंग’ला पाठवतं, तिथं पदवी मिळेल, हात मात्र कच्चे राहतील.

बाहेरचं जगही याच दिशेनं गेलं आहे. जर्मनीत नर्स होण्याचा मुख्य मार्ग ३ वर्षांची सवेतन उमेदवारी हाच आहे. २०२० पासून लागू झालेल्या तिथल्या कायद्यात किमान २,१०० तास वर्गातले आणि २,५०० तास प्रत्यक्ष कामाचे आहेत. इंग्लंडनं २०१३ पासून नर्सिंगला पदवी अनिवार्य केली, आणि २०१७ मध्ये नोकरी करत तीच पदवी घेण्याची अप्रेंटिसशिप सुरू केली. दोन देशांच्या वाटा वेगळ्या, पण दोन्हीकडं उमेदवारी संपते ती नोंदणीकृत नर्स होण्यातच. आपल्याकडं उणीव नेमकी इथं आहे. आपल्या अप्रेंटिसशिपा बहुतेक नोंदवहीच्या अलीकडंच थांबतात.

पायऱ्या जोडलेल्या आहेत का?

ज्या घराला चार वर्षांचा खर्च झेपत नाही, त्यानं पहिली पायरी बुटकी घ्यायला हरकत नाही, फक्त ती जिन्याची असावी. नर्सिंगमध्ये असा जिना आहे. एएनएम होऊन नोंदणी केलेली मुलगी पुढं जीएनएमला जाऊ शकते. जीएनएम झालेली २ वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करू शकते, आणि त्यानंतर एमएस्सीचं दार उघडतं. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत उपकेंद्रांवर नेमल्या जाणाऱ्या कम्युनिटी हेल्थ ऑफिसरची जागाही जीएनएम आणि बीएस्सी नर्सिंग झालेल्यांसाठी खुली आहे. प्रत्येक टप्प्यावर नोंदणी आहे, म्हणजे मध्येच थांबून दोन वर्षं कमावता येतं आणि पुन्हा चढता येतं.

फार्मसीतही तसंच. डी.फार्म. २ वर्षांचा, त्यानंतर नोंदणी, दुकान किंवा नोकरी, आणि पुढं बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. पॅरामेडिकल डिप्लोमे कर्नाटकात पॅरामेडिकल बोर्डाच्या देखरेखीखाली चालतात. एसएसएलसीनंतर ३ वर्षांचे आणि पीयूसी विज्ञानानंतर २ वर्षांचे. बीएस्सीला आणखी वेळ लागतो, पण मोठ्या रुग्णालयांच्या लॅबमध्ये वरच्या जागा आणि शिकवण्याच्या नोकऱ्या पदवीवाल्यांनाच मिळतात. स्वतःची लॅब काढायचं स्वप्न असेल तर आधीच समजून घ्यावं की तंत्रज्ञ चाचणी करतो, पण अहवालावर सही पात्र डॉक्टरची लागते. डिप्लोमा घेऊन पुढं त्याच विषयाच्या पदवीला दुसऱ्या वर्षात घेतात का, हा प्रश्न प्रवेश घेण्याआधी विचारायचा आहे.

आणि काही वाटांना मधली पायरीच नाही. डॉक्टर व्हायचं असेल तर ‘नीट’ ही प्रवेशपरीक्षा आणि पूर्ण अभ्यासक्रम, एवढंच. नर्स किंवा फार्मासिस्ट होऊन अनुभवानं डॉक्टर होता येत नाही. ज्या मुलीला खरंच निदान आणि उपचार करायचे आहेत, तिला ‘आधी एएनएम कर, मग बघू’ असं सांगणं ही तिची फसवणूक आहे. नीट २०१७ पासून मराठीतून आणि कन्नडमधूनही देता येते, हे मराठी शाळांतल्या मुलांपर्यंत पोचायला हवं.

दोन राज्यांच्या मध्ये

निपाणीचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा आहे. पुणे-बंगळूर महामार्गावरच्या या गावापासून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरवर, तर स्वतःच्या जिल्ह्याचं ठिकाण असलेलं बेळगाव सुमारे ७५ किलोमीटरवर. निपाणीची मुलं पिढ्यान्‌पिढ्या ज्या देवचंद कॉलेजात शिकली ते गावाला लागून, अर्जुननगरात आहे. पण ती जागा कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. मुलगी सकाळी चालत दुसऱ्या राज्यात जाते आणि दुपारी परत येते. बारावी तिथं केली तर बोर्ड महाराष्ट्राचं.

याचा परिणाम प्रवेशावर होतो. कर्नाटकच्या सरकारी कोट्यातल्या जागांसाठी पहिली ते बारावीदरम्यान राज्यात किमान ७ वर्षं शिक्षण आणि दहावी किंवा बारावी राज्यातून उत्तीर्ण, ही मुख्य अट आहे. महाराष्ट्रात रहिवासाच्या आणि दहावी-बारावीच्या अटी वेगळ्या आहेत. मात्र वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषिक विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या प्रवेशनियमांत स्वतंत्र सवलत ठेवलेली आहे. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. अनेक घरांना हे अर्जाची मुदत संपल्यावर कळतं. म्हणून अकरावीला कुठं नाव घालायचं, हे ठरवतानाच दोन्ही राज्यांच्या अटी समोर ठेवाव्यात, आणि दाखले दहावीच्या सुट्टीतच काढून ठेवावेत.

नोंदणीही राज्याराज्यांची असते. कर्नाटकात शिकलेल्या नर्सला कोल्हापुरात नोकरी करायची तर नोंदणी महाराष्ट्राच्या परिषदेकडं न्यावी लागते. नर्सिंग कॉलेजला केंद्रीय परिषदेची मान्यता लागते की राज्याची पुरते, यावरून २०१७ मध्ये कर्नाटकात वाद न्यायालयापर्यंत गेला, आणि बाहेरच्या राज्यांत नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्यांचा जीव टांगणीला लागला. सीमेवर राहणाऱ्या मुलीनं दोन्हीकडं चालेल अशीच मान्यता असलेलं कॉलेज पाहावं.

भाषेबद्दल मोकळेपणानं बोललं पाहिजे. पुस्तकं इंग्रजीत असतात. बेळगावच्या वॉर्डात एका खाटेवर मराठी, शेजारच्या खाटेवर कन्नड, पलीकडं उर्दू किंवा कोकणी ऐकू येते. कर्नाटकच्या सरकारी नोकरीसाठी कन्नडची परीक्षा उत्तीर्ण व्हावीच लागते. आपला भाषेचा अभिमान जपतही, दवाखान्यात काम करू पाहणाऱ्या मराठी मुलीनं कन्नड लिहा-वाचायला शिकावं, असं मला मनापासून वाटतं. दुखतं कुठं, हे रोग्यानं त्याच्या भाषेत सांगितलेलं समजणं हा उपचाराचाच भाग आहे.

पैशाचा हिशेब

फीचा आकडा ऐकून घरं माघार घेतात. पण तुलना करताना तीन गोष्टी मोजाव्यात: एकूण फी, शिकताना मिळणारं विद्यावेतन किंवा शिष्यवृत्ती, आणि नोंदणीनंतरच्या पगारातला फरक. सरकारी नर्सिंग स्कूल आणि अभिमत विद्यापीठ यांच्या फीमध्ये मोठं अंतर असतं, त्यामुळं आधी सरकारी जागेचा अर्ज, मग बाकीचे.

निपाणीसाठी खास सांगायची गोष्ट म्हणजे विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती. विडी कामगार कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. केंद्रीय कामगार खात्याच्या योजनेत पहिलीपासून व्यावसायिक पदवीपर्यंत मदत मिळते: आयटीआय, पॉलिटेक्निक आणि साध्या पदवीसाठी वर्षाला ६,००० रुपये, व्यावसायिक पदवीसाठी २५,००० रुपये. अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करायचा असतो आणि आईचं किंवा वडिलांचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. घरी बसून विड्या वळणाऱ्या कित्येक बायका हे ओळखपत्र काढायचा कंटाळा करतात. मुलीला नर्स करायचं ठरवलं असेल, तर त्या प्रवासातला पहिला कागद आईचं हे ओळखपत्र आहे.

परदेशाची ओढही वाढते आहे. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, त्यात आरोग्यसेवेतल्या जागाही आहेत. जायला हरकत नाही. पण तिथं भाषा शिकायला वेळ लागतो, आणि खासगी दलालाला लाखो रुपये देण्याआधी करार सरकारी आहे की खासगी, एवढं तरी तपासावं.

मग निवड कशी करायची

घरची परिस्थिती ठीक आहे, विज्ञानात गोडी आहे आणि मुलगी चार वर्षं धीर धरू शकते, अशा वेळी थेट पदवी घ्यावी. बीएस्सी नर्सिंग, बी.फार्म., फिजिओथेरपी, लॅब किंवा इमेजिंगमधली पदवी. ती पुढच्या सगळ्या वाटा उघड्या ठेवते. घराला दोन-तीन वर्षांत कमाई हवी असेल तर एएनएम, जीएनएम, डी.फार्म. किंवा मान्यताप्राप्त पॅरामेडिकल डिप्लोमा. यातला प्रत्येक अभ्यासक्रम रुग्णालयात शिकवतो आणि नोंदवहीपर्यंत नेतो. आणि आजच कमावणं भाग असेल, तर रुग्णसाहाय्यकाची नोंदणीकृत अप्रेंटिसशिप घ्यावी, लेखी करारानं. पण बारावी सोडू नये, कारण वरच्या बहुतेक दारांची किल्ली बारावीच आहे. ज्या वाटेची मी कुणालाही शिफारस करणार नाही ती एकच: करार नाही, तास नाहीत, प्रमाणपत्र नाही, आणि ‘शिकशील हळूहळू’ एवढाच शब्द.

काही जबाबदारी घराबाहेरचीही आहे. बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर इथल्या रुग्णालयांना माणसं हवीच असतात. त्यांनी हाताखालच्या मुलींना रीतसर अप्रेंटिस म्हणून नोंदवावं, परीक्षेच्या दिवसांत रजा द्यावी, दोन वर्षं इमानानं काम करणाऱ्या मुलीच्या जीएनएमच्या फीचा काही भार उचलावा. शाळांनी नववीतच या वाटा मुलांसमोर मांडाव्यात. बेळगावच्या त्या चाचणीतल्या २५ जणी नोंदणीकृत एएनएम होत्या, म्हणून त्यांच्या हाती औषध सोपवता आलं आणि त्यांच्या नोंदींवर जगानं विश्वास ठेवला. अशा विश्वासाला पात्र होण्याची संधी सीमाभागातल्या प्रत्येक मुलीचा हक्क आहे.

तोवर घरच्यांनी एक सवय लावून घ्यावी. प्रवेशाचा अर्ज असो की डॉक्टरांचा निरोप, पहिला प्रश्न हा विचारावा: शिक्षण संपल्यावर नोंदणी कोणत्या परिषदेत होते? उत्तरात परिषदेचं नाव आलं तर त्या परिषदेच्या यादीत संस्थेचं नाव शोधावं. उत्तर आलं नाही, तर एक रुपयाही भरू नये.